जोरहाट ते लीलाबारी, व्हाया पाणजू

"सर, विमानाला हॉर्न असतो का?"

हा प्रश्न मी विचारला. मी, म्हणजे सेलिन आलोशियस तुस्कानो, दहावी ब, राहणार गिरीज. आणि विचारला तोही आमच्या निरोप समारंभात, अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात. मागच्या बाकांवरून हास्याचा असा काही लोट आला की समोर बसलेल्या बाईंनी वळून माझ्याकडे बघितलं. त्या नजरेचा अर्थ एवढाच होता की निरोप समारंभ संपल्यावर तुझा वेगळा समारंभ करते.

पण पैज म्हणजे पैज. हंसा म्हणाली होती, "तू पाहुण्यांना हे विचारलंस ना, तर परीक्षा संपेपर्यंत रोज आमच्या वाडीतली बोरं तुला." हंसाची वाडी होळीला, हे जवळच्याच गावाचं नाव. तिथली बोरं काय असतात ते ज्याने खाल्लीत त्यालाच ठाऊक. जुलियाना माझा हात धरून म्हणत होती, "नको गं, हाकलतील." मागच्या वर्षी मी जुलियानाहूनही भित्री होते. हजेरीला 'उपस्थित' म्हणायचे तेसुद्धा इतकं हळू, की बाईंना ऐकू जावं म्हणून जुलियाना माझ्या वतीने परत म्हणायची. मग ऑगस्टमध्ये कोणी नाव दिलं नाही म्हणून मला वक्तृत्व स्पर्धेत ढकललं, माझा दुसरा नंबर आला, आणि तेव्हापासून माझं तोंड काही बंद होत नाही, असं पप्पा म्हणतात.

पाहुणे होते बॅप्टिस्ट सर. आमच्या शेजारच्याच गावचे. एअर फोर्समध्ये नेव्हिगेटर होते, म्हणजे पायलटला रस्ता सांगणारे, आणि आता रिटायर होऊन केळी लावतात. ते हसले नाहीत. चष्मा काढून रुमालाने पुसला आणि म्हणाले, "असतो. काही विमानांत असतो. पण आकाशात नाही वाजवत, तिथे कोण बाजूला होणार? जमिनीवर उभं असताना खाली काम करणाऱ्या मेकॅनिकला हाक मारायला."

हंसाचं तोंड उघडं ते उघडंच. मला खाली बसायला हरकत नव्हती. बोरं जिंकली होती. पण मी बसले नाही, कारण खरा प्रश्न अजून पोटातच होता.

"अजून एक, सर. जोरहाटहून लीलाबारीला विमानाला किती वेळ लागतो?"

हा प्रश्न का, ते सांगायला मला घरी जावं लागेल.

माझी मोठी बहीण मटिल्डा. तिचं लग्न थॉमसभावोजींशी झालं आणि ती थेट आसामात गेली, चहाच्या मळ्यात. भावोजी मळ्याच्या ऑफिसात आहेत, ती मळ्याच्या दवाखान्यात नर्स आहे. मागच्या वर्षी तिला पहिल्यांदा दिवस गेले, पण ते टिकले नाहीत. आता पुन्हा दिवस आहेत, बाळंतपण एप्रिलअखेरीला. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे कोणी ठरवत नाही, ते ठरलेलंच असतं. आईने आळीव निवडून ठेवले होते, खाट दुरुस्त करून घेतली होती. आणि मग एका रविवारी फादरच्या बंगल्यावर भावोजींचा ट्रंककॉल आला.

फादरचा माणूस सायकलवरून बोलवायला आला तेव्हा आई, पप्पा आणि मी तसेच धावलो. फोनवर भावोजी ओरडत होते, पप्पा ओरडत होते, आणि बाहेर आंब्याखाली बसलेल्यांना सगळं कळत होतं. डॉक्टरांनी मटिल्डाला प्रवासाला सक्त मनाई केली होती. चार दिवस गाडी, फेरीबोट, खड्ड्यांचा रस्ता, काहीच नाही. खाटेवरून उठायचं तेही विचारून.

आईने फोन घेतला. एवढंच म्हणाली, "मग तिच्याजवळ कोण?"

पलीकडून आवाज आला, "तुम्हीच या ना, आई! जोरहाटपर्यंत गाडी आहे. पुढे नदी. पण आता जोरहाटहून लीलाबारीला छोटं विमान..." आणि लाइन कट.

आता आईचं आणि पाण्याचं सांगते. आई बारा वर्षांची असताना भाजीच्या टोपल्या घेऊन नायगावहून भाईंदरला निघालेली होडी खाडीत उलटली. आई वाचली. तिचा मोठा भाऊ सॅन्टन नाही वाचला. त्यानंतर आईने होडीत पाय ठेवलेला नाही. दर सप्टेंबरात आम्ही वांद्र्याला मोतमाउलीच्या जत्रेला जातो, तेव्हा गाडी नायगाव सोडते आणि आई डोळे मिटते. ओठ हलत असतात, 'नमो मरिया, नमो मरिया'. खाडीच्या मध्ये पाणजू बेट आहे. तिथे पुलाचा धडधडाट थांबून चाकांचा आवाज खाली जमीन असल्यासारखा होतो. आई लगेच डोळे उघडते, पदराने चेहरा पुसते, पाणजूची झाडं बघते. मग पुन्हा धडधड, पुन्हा डोळे बंद, ते भाईंदरपर्यंत. आईला पाणी किती रुंद आहे ते विचारा, ती मैल सांगणार नाही. ती म्हणेल, पाणजूपर्यंत इतके नमो मरिया, पुढे इतके.

तर गाडीची अडचण नव्हती. आमच्या धर्मग्रामातल्या कॉन्व्हेंटच्या दोन सिस्टर ईस्टरनंतर जोरहाटला जाणारच होत्या, त्या आईला सोबत नेणार होत्या. लीलाबारीला भावोजी घ्यायला उभे. अडचण फक्त मधल्या ब्रह्मपुत्रेची. फेरीबोटीने अख्खा दिवस जातो म्हणे.

"फेरीचं नाव काढू नका," आई म्हणाली. "विमानाला किती वेळ, ते सांगा. पाण्यावर किती वेळ?"

हे गिरीजमध्ये कोणाला माहीत असणार? पप्पांना केळीच्या घडाला किती दिवस लागतात ते विचारा.

म्हणून मी कामाला लागले. भावोजींनी मागच्या नाताळात मळ्याच्या ऑफिसातला त्यांच्या भागाचा मोठा नकाशा आणला होता, मुलगी कुठे राहते ते आईला दिसावं म्हणून. तो आमच्या मधल्या दाराशेजारी लावलाय. त्यावरची नदी माझ्या पंजापेक्षा रुंद, निळीशार. आईने दुसऱ्याच दिवशी बरोब्बर त्या निळ्यावर चर्चचं कॅलेंडर टांगलं. मी कॅलेंडर काढलं. आई त्या वेळी ओटीवर सुकेळ्यांच्या पुड्या बांधत होती. मी तिच्या पुढ्यातल्या पाण्याच्या वाडग्यातला केळीच्या सोपटाचा, म्हणजे खोडाच्या सालीचा, एक धागा उचलला, जोरहाटवर एक टोक धरलं, लीलाबारीपर्यंत ताणला, नखाने खूण केली. तेवढ्यात आईने हाक मारली, पुड्यांना गाठी मारायला माझी बोटं हवी होती. पाच-पंचवीस पुड्या झाल्यावर परत आले, धागा नकाशाच्या मोजपट्टीवर धरला आणि हिशेब केला. अठ्ठेचाळीस किलोमीटर. सामान्यज्ञानाच्या पुस्तकात विमानाचा वेग ताशी आठशे दिलेला. भागाकार केला.

"आई! साडेतीन मिनिटं!"

आईचे हात थांबले. "किती?"

"रोझरीचं एक रहस्यसुद्धा पुरं होणार नाही तुझं!"

रोझरीत पाच रहस्यं असतात, प्रत्येकात दहा नमो मरिया. एक रहस्य म्हणजे आईच्या दृष्टीने चूल पेटेपर्यंतचा वेळ. आईने डोळे मिटून मनातल्या मनात काहीतरी म्हणून बघितलं. मग डोळे उघडले आणि म्हणाली, "एवढं मला जमेल." आणि त्या दिवसापासून ती माणसात आली. सिस्टरना निरोप गेला. डिंक आला. खाटेवरची नवी गोधडी घडी होऊन ट्रंकेत गेली. आई चक्क वाडीत काम करताना गुणगुणायला लागली.

हे सगळं मी हंसाला फुशारकीने सांगितलं. हंसा आमच्या वर्गात गणितात पहिली. तिने बोराची बी थुंकली आणि म्हणाली, "साडेतीन मिनिटं? आमचा बैल साडेतीन मिनिटांत गोठ्यातून बाहेर पण येत नाही."

"बैल म्हणजे विमान नाही."

"ते पण कुठूनतरी निघायचं, वळायचं, थांबायचं असेल ना? विचार कुणालातरी. नाहीतर तुझी आई मधेच उतरते म्हणेल."

ती हसली, मी मात्र घरी जाऊन भागाकार पुन्हा करून बघितला. आणि दोन दिवसांनी कळलं की निरोप समारंभाला बॅप्टिस्ट सर येणार.

तर आता परत हॉलमध्ये.

बॅप्टिस्ट सर माझ्याकडे बघत राहिले. "जोरहाट? लीलाबारी? बाळ, तुला ही नावं कुठून माहीत?"

"माझी बहीण तिकडे असते. मी हिशेबही केलाय सर. साडेतीन मिनिटं."

"ये वर," ते म्हणाले.

मी वर गेले. स्टेजवर फळ्याशेजारी आमच्या गुरुजींनी सरांच्या भाषणासाठी भारताचा नकाशा टांगला होता. सरांनी माझ्या हातात खडू दिला आणि अंतर किती धरलं ते विचारलं. मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. "कमी आहे. मी जोरहाटच्या धावपट्टीवरून किती वेळा उडालोय, त्याची गणती नाही. ते साठ-बासष्ट भरतं. मोजलंस कशाने?"

"सोपटाच्या धाग्याने."

ते थांबले. मग एकदम त्यांचा चेहरा असा काही फुलला, जणू त्यांना त्यांच्याच ओटीवर बसवलं होतं. "ओला होता की सुका?"

"ओ...ला," मी म्हटलं, आणि म्हणता म्हणताच मला कळलं. धागा पाण्याच्या वाडग्यातला. नकाशावर ताणला तेव्हा ओला, लवचिक. पुड्या बांधून परत येईपर्यंत फेब्रुवारीच्या वाऱ्यात सुकून आखडलेला, कडेने गुंडाळलेला. गाठ घट्ट बसावी म्हणूनच तर आपण तो ओला बांधतो, सुकला की आवळतो म्हणून! हे गिरीजच्या शेंबड्या पोराला माहीत आणि मी त्याच धाग्याने आसाम मोजला. खाली बसलेल्या अर्ध्या हॉलच्या घरी वाड्या आहेत. त्यांना लगेच कळलं, आणि हॉर्नपेक्षा मोठा हशा झाला. मला कान गरम झाल्यासारखे वाटले. पण खरं सांगते, मी पण हसत होते.

"आणि आठशेचा वेग मोठ्या जेटचा," सर म्हणाले. "हे पंख्याचं छोटं विमान. तीनशेच्या आसपास धर."

मी फळ्यावर लिहिलं. "बारा मिनिटं, सर. बारा-साडेबारा."

"ती फक्त सरळ रेषा. तू घरून शाळेत येतेस तेव्हा सायकल काढणं, फाटक लावणं, कोपऱ्यावर वळणं धरत नाहीस का? विमान धावपट्टीच्या टोकाशी जातं, चढतं, वळतं. आणि वाऱ्याचंही असतं. भरतीच्या वेळी होडी समोरच्या धक्क्याकडे तोंड करून निघते का कधी?"

"नाही सर. पाणी येतं त्या अंगाला तोंड करते, मग पाणीच तिला धक्क्यावर आणतं."

"तेच आमचं काम. तेवढंच विमानाला सांगायचं." मग ते म्हणाले, "वीस मिनिटं धर. आणि हवा वाईट असेल तर त्या दिवशी उडणारच नाही, दुसऱ्या दिवशी उडेल."

वीस मिनिटं. वीस मिनिटं म्हणजे अख्खी रोझरी. पाचही रहस्यं.

मी खडू ठेवला. सरांनी हळूच विचारलं, "काय झालं गं?" मी मघाशी हॉलभर ओरडत होते, पण हे मात्र त्यांच्यापुरतंच सांगितलं. आईचं, सॅन्टनमामाचं, पुलाचं. सर नकाशावर नदीवर बोट ठेवून म्हणाले, "हे बघ, इथे लहान दिसतं, पण मधे एक मोठं बेट आहे. माजुली. गावं आहेत, भातशेती आहे, गाई चरतात. आपल्या पाणजूसारखंच, फक्त खूप मोठं. तेवढा वेळ खाली जमीनच असते. आईला सांग."

घरी जाताना हंसाने सल्ला दिला. "सांगूच नको. साडेतीनच राहू दे. एकदा विमानात बसल्यावर कोण उतरतं?"

"आणि चौथ्या मिनिटाला तिने डोळे उघडले तर? खाली पाणीच पाणी, शेजारी कोणी नाही, आणि पोरीने सांगितलेलं खोटं."

हंसा म्हणाली, "बोरं उद्या आणते. आज तू आधी घरी जा." हंसा तशी शहाणी आहे.

आई ओटीवरच होती. ट्रंकेवर डिंकाचा डबा, शेजारी सुकेळ्यांच्या पुड्या. पप्पा वाडीला पाणी लावून आले होते आणि पाय धूत होते. माझ्या केसांतला गजरा बघून आई म्हणाली, "झाला समारंभ? रडल्या का सगळ्या?"

"आई, साडेतीन मिनिटं नाही. वीस मिनिटं."

घरी आम्ही आमच्या बोलीत बोलतो. इथे मी शाळेच्या मराठीत लिहितेय. पण आमच्या बोलीत हे वाक्य अजून छोटं होतं आणि अजून जोरात लागलं.

आईने हातातला डबा खाली ठेवला.

"बॅप्टिस्ट सरांनी सांगितलं. माझा धागा ओला होता. वेगही चुकीचा धरला."

"ओल्या धाग्याने मोजलंस?" पप्पा ओरडले. "केळीवाल्याची पोर ना तू!"

"वीस," आई म्हणाली. "म्हणजे पुरी रोझरी." तिने डिंकाच्या डब्याकडे बघितलं, आणि मला कळलं की ती आता तो परत आत नेणार. हात पुढे झालाच होता.

"थांब ना! सगळं पाणी नाहीये. मधे बेट आहे. आपल्या पाणजूसारखं, मोठं. गावं आहेत, शेतं, गाई." मी तिला हाताला धरून नकाशापाशी नेलं आणि कॅलेंडर बाजूला केलं. आईने तिथे कधी बघितलंच नव्हतं, आणि मी फक्त धागा बघितला होता. निळ्याच्या मध्ये हिरवा लांबट तुकडा होता, मासळीसारखा. मी तिचं बोट धरून जोरहाटवरून नेलं. "हे पाणी. ही जमीन. बघ किती मोठी. मग हे थोडं पाणी. मग मटिल्डा."

आईचं बोट त्या हिरव्यावर थांबलं. बराच वेळ.

"ह्याच्यावर माणसं राहतात?"

"राहतात. भात लावतात."

"आपल्यासारखी?" मग तिने तेच बोट पुन्हा पाण्यावरून नेलं, हळू, ओठ हलत होते. पप्पा ओले पाय तसेच घेऊन दारात उभे. मला वाटतं आई मोजत होती, ह्या पाण्याला किती, त्या पाण्याला किती.

"जमेल," ती म्हणाली. मग लगेच, "नाही, पण एक आहे."

"काय?"

"डोळे मिटल्यावर मला कळणार कसं, बेट आलं ते? गाडीत आवाज बदलतो. पूल संपला की चाकं सांगतात. विमानात कोण सांगणार?"

सिस्टर तर जोरहाटलाच थांबणार होत्या.

"मी येतो," पप्पा म्हणाले, पण बाहेर वाडीकडे बघत म्हणाले. एप्रिलात चार दिवस पाणी चुकलं तर आमच्या वाडीतल्या पानवेलीचं काय होतं, ते आम्हा तिघांनाही माहीत होतं. आई म्हणाली, "तुम्ही कसले येताय."

आणि मग मला ते एवढं स्पष्ट दिसलं की आधी कसं दिसलं नाही याचंच नवल वाटलं. मी ओटीच्या मधोमध जाऊन उभी राहिले. वक्तृत्व स्पर्धेत उभी राहिले होते तशीच, हात मागे, मान ताठ. फरक एवढाच की तेव्हा मला ढकललं होतं.

"आई, पप्पा, माझं ठरलंय."

"झालं," पप्पा म्हणाले. "आता अर्धा तास भाषण."

"अर्धा तास नाही. परीक्षा मार्चमध्ये संपतेय, निकाल जूनमध्ये. तोपर्यंत मला काही काम नाही. मी आईबरोबर जाणार. खिडकीची जागा माझी. आईने डोळे मिटून रोझरी म्हणायची, पाण्याकडे मी बघणार. आणि जमीन आली की मी सांगणार, आई, पाणजू आलं, उघड डोळे."